‘स्पर्श दोन सेकंद उशिरा पोचतो’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

आधी माफी मागते. इतक्या महिन्यांनी आईशी निवांत बोलायला बसलात आणि व्हिडिओ कॉलवर पलीकडच्याचा स्पर्श थरथरीने हातावर पोचवणाऱ्या आमच्या पट्ट्याने विरस केला, हे वाचून वाईट वाटलं. कंपनीत आम्ही चौघेच आहोत, त्यामुळे रिव्ह्यू मीच वाचते. तुमचा तीनदा वाचला.

तुम्ही लिहिलंय की स्पर्श ‘दोन सेकंद उशिरा पोचतो’, हातावर ‘माशी भणभणल्यासारखं’ होतं आणि ‘आईच्या हाताची सर काही येत नाही’. शेवटच्या वाक्यावर मी वाद घालणार नाही. सर येणारच नाही, आणि येते असं आम्ही खोक्यावर कुठेही छापलेलं नाही. पण ‘दोन सेकंद’ मात्र जिव्हारी लागलं. दीड वर्ष आम्ही दुसरं काही केलेलंच नाही.

खरं तर स्पर्श चित्राच्या आधी पोचतो. आईंनी त्यांच्याकडच्या, स्पर्श टिपणाऱ्या पॅडवर बोट दाबलं की पाठवायचे असतात मोजके आकडे. व्हिडिओचं तसं नाही. तो कॅमेऱ्यातून घ्यायचा, आवळून लहान करायचा, पाठवायचा, पलीकडे उलगडायचा आणि अडखळू नये म्हणून थोडा साठवून मग दाखवायचा. आमच्या पहिल्या नमुन्यात आजोबांचा अंगठा पॅडकडे जाताना दिसायच्या आतच नातवाच्या हातावर थरथर व्हायची. पोरगं दचकून मागे बघायचं, खोलीत कोण आलं म्हणून. तेव्हापासून अ‍ॅप स्पर्श मुद्दाम रोखून धरतं आणि चित्राबरोबर सोडतं. म्हणजे उशीर आहे, पण तो आम्ही जाणूनबुजून ठेवलेला आहे.

आता चित्रालाच उशीर झाला तर? फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १०,००० किलोमीटरवरच्या माणसापर्यंत पोचायला नुसत्या अंतराचेच ५० मिलिसेकंद झाले, बाकीचं सगळं त्याच्या वर. आवाजाच्या कॉलसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्यासारखा मानते. व्हिडिओ कॉल ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि त्यावर आमचा काही इलाज चालत नाही.

रिव्ह्यूखाली तुम्हीच कॉलचा लॉग, म्हणजे अ‍ॅपने ठेवलेली नोंद, जोडला आहे, म्हणून बोलते. पहिली २२ मिनिटं चित्र आणि स्पर्श यांच्यातला फरक ६० ते ९० मिलिसेकंद आहे. दोन सेकंदांचा आकडा त्यात एकदाच येतो, अगदी शेवटी, तुमचा फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेला तेव्हा. चित्र गोठलं, मग एकदम पुढे उडी मारून आलं, आणि अडकलेले स्पर्श मागून एकापाठोपाठ एक वाजत राहिले. शिळा झालेला स्पर्श अ‍ॅपने टाकून द्यायला हवा होता. ती चूक आमची आहे, ती नाकारत नाही. पण एकदा ‘पोचला’ आणि नेहमी ‘पोचतो’ यात फरक आहे, एवढंच म्हणते.

आईंनी कॉल बंद केल्यावर, स्क्रीन काळी झाल्यावर तुमच्या हातावर थाप आली, हे तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला. असं व्हायला नको होतं.

माशीबद्दल थोडं. फोटोत पट्टा स्वेटरच्या बाहीवर बांधलेला दिसतोय. आमच्या मोटरी २०० हर्ट्झच्या आसपास थरथरतात, कारण तेवढ्या वेगाची थरथर त्वचेला चांगली कळते. मध्ये लोकर आली की ती बरीचशी तिथेच जिरते. मग माणूस जोर वाढवत नेतो, तुम्हीही पूर्ण वाढवला होता, आणि उरतो तो नुसता आवाज. उघड्या हातावर, कोपराच्या थोडं खाली बांधायचा, हे चित्रासकट पहिल्याच पानावर आहे. (मान्य, पहिलं पान कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही.)

‘फारच मंद’ असंही म्हणालात. तेही मुद्दामच. कुरवाळणं ओळखणारे मज्जातंतू केसाळ त्वचेत असतात, आणि हात सेकंदाला सुमारे ३ सेंटीमीटर सरकला की ते सगळ्यात जास्त जागे होतात. मोटर त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून आम्ही पाच मोटरी ओळीने एकामागून एक चालवतो. त्वचा फसते, काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटतं. १२ सेंटीमीटरच्या पट्ट्यावर त्याला चार सेकंद लागतात. वेग वाढवला की हात फिरल्यासारखं न वाटता कोणीतरी झटकल्यासारखं वाटतं. तेही करून पाहिलंय.

जुने स्पर्श टाकून द्यायचं काम पुढच्या अपडेटसाठी घेतलं आहे. तारीख देत नाही, मागच्या वेळी दिली आणि पाळता आली नाही. बाहीवरून चालेल असं काही करता येतं का, तेही बघतोय. तुमचा पट्टा बदलून हवा असेल तर सपोर्टला कळवा, मी स्वतः तपासून पाठवीन. आईंकडचा परत करू नका, त्यात दोष नाही.

स्टार वाढवा असं म्हणत नाही, तो तुमचा अधिकार. फक्त ‘दोन सेकंद’च्या आधी ‘एकदा’ घालता आलं तर बघा.