रेडॉनचा आकडा खाली आणण्याचे घरगुती उपाय

आयोवात, डेकोराला, अप्पर आयोवा नदीच्या काठी घर घेतलंत? अभिनंदन! आता कुणी रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूचं, नाव काढलं तर बिचकू नका. या राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंट्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतात. म्हणजे तो शेजाऱ्यांकडेही असणार, आणि चारचौघांकडे जे असतं ते आपल्याकडे नसलं तर बरं दिसत नाही.

तरी चाचणी करावीच लागली, तर हवेतला रेडॉन शोषून घेणारी, मग प्रयोगशाळेत पाठवायची कोळशाची डबी मागवा. पाकिटावर लिहिलेलं असतं: १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद, डबी राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान २० इंच वर, बाहेरच्या दार-खिडकीपासून ३ फूट लांब. तुम्ही ती सरळ खिडकीत ठेवा, खिडकी उघडून. थंडी वाजत असेल तर न्हाणीघरात ठेवा. कोळसा वाफेचं पाणी पितो आणि रेडॉनला जागा उरत नाही. मग डबी फ्रीजवर ठेवून पोस्टात टाकायला विसरा. रेडॉन दर ३.८ दिवसांनी निम्मा होतो, दोन आठवड्यांत शंभरातले जेमतेम आठ भाग उरतात. प्रयोगशाळा नमुना बाद करेल. करू दे. पुढची चाचणी भर उन्हाळ्यात करा. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि घर खालच्या मातीतली हवा ओढून घेतं, तो काळ टाळलेला बरा.

निकाल लिटरभर हवेमागे ३.९ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) आला की पेढे वाटा. दुरुस्तीची रेघ ४ वर आहे. २ ते ४ मध्येही दुरुस्तीचा विचार करा असं ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संस्था, म्हणते, पण तेवढं वाचतं कोण?

नदीकाठी तळघरात संपचा, म्हणजे झिरपलेलं पाणी गोळा करून उपसायचा, खड्डा असतोच. पायाभोवतीचे भोकांचे पाइप त्यातच येतात, म्हणजे घराखालची सगळी हवा तिथे गोळा होते. त्यावर हवाबंद झाकण बसवून कडेने सिलिकॉन भरणं म्हणजे नसता खर्च. उघडाच ठेवा, पाणी किती चढलं ते दिसतं.

घराखालची हवा ओढून बाहेर सोडणारा पाइप आणि पंखा बसवायची वेळ आलीच, तर पंखा तळघरातच लावा. जाणकार तो माळ्यावर किंवा घराबाहेर लावतात, कारण पंख्यापुढच्या पाइपात दाब असतो आणि सांधा गळला की ओढलेला रेडॉन परत घरात. पण माळ्यावर चढणार कोण? शिवाय पंखा घुमतो, रात्री बंद करत जा. पाइपवरच्या यू नळीतला रंगीत द्रव दोन्ही बाजूंना एका रेषेत आला तर पंखा ओढत नाहीये, असं ते सांगतील. तुम्ही समजा, घरात समतोल आला.

राहता राहिली तळघरातली खोली. ती आई-बाबांना द्या. गार असते, टीव्ही आहे, सहा महिने दुपारची झोपही तिथेच. ईपीएच्या अंदाजाने रेडॉनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला सुमारे २१,००० माणसं दगावतात, पण ती अमेरिकेतली. आई-बाबा तर व्हिजिटर व्हिसावर आलेत.