कोयना आहे, मग अणुवीज कशाला?

विधानसभेत अणुविजेचा विषय निघाला की सातारा-सांगलीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: “कोयना पूर्ण क्षमतेने चालवा, पठारांवर पवनचक्क्या वाढवा, शेतात सोलर बसवा. अणुवीज लागणारच नाही. शिवाय तो केंद्राचा विषय, आमदारांनी वेळ का घालवायचा?”

कोयनेचा अभिमान मलाही आहे. पण हिशोब पाण्यापाशी अडतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट, तर तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीची मिळून 1,080. कोयना मोठी दिसते. मात्र तिच्यातून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली. हे पाणी घाटाखाली कोसळून साधारण 300 कोटी युनिट देतं. म्हणजे सगळे संच पूर्ण भाराने रोज सरासरी चार तास चालतील, इतकंच. तारापूरच्या त्या दोन भट्ट्या 80 टक्के भाराने चालल्या तरी 750 कोटी युनिट होतात. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा कोयना काही मिनिटांत धावून येते. तिचं खरं काम तेच.

मर्यादा वाढवून घ्या, म्हणाल. पण कोकणात पोफळीच्या वीजघराकडे उतरलेलं पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्रात जातं, कराडच्या कोयना-कृष्णा संगमावर परत येत नाही. टेंभू उपसा योजना कराडजवळच कृष्णेतून पाणी उचलते, ताकारी आणि म्हैसाळ आणखी खाली. आटपाडी, कवठेमहांकाळ, जतची पिकं या पाण्यावर आहेत. ते चढवायलाही वीजच लागते. या तालुक्यांचा त्या मजकुरात उल्लेखही नाही, याचा मला राग येतो.

वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारांवर वारा जोरात असतो तो पावसाळ्यात. उपशाची गरज वाढते उन्हाळ्यात. सोलरचं म्हणणं मात्र बरोबर आहे. दिवसा शेतीपंपाला लाईट मिळाली तर शेतकऱ्याला रात्री पाणी पाजायला जावं लागणार नाही. फक्त सूर्य मावळल्यावरची वीज साठवून ठेवण्याचा खर्चही त्यात धरायला हवा.

अणुऊर्जा संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांत आहे, हे खरं. पण वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांत आहे, भूसंपादन राज्य करतं आणि वीज विकत घेणारी महावितरण राज्याची आहे. मग आमदार बोलणार नाहीत तर कोण?

अणुवीज डोळे मिटून घ्या, असं मी म्हणत नाही. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाचं काम 2002 मध्ये सुरू झालं, पहिल्या संचाचं व्यावसायिक उत्पादन 31 डिसेंबर 2014 ला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या 9,900 मेगावॅटच्या अणुप्रकल्पाला 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. वीज अजून नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या पाटण खोऱ्याला सुरक्षिततेबद्दल खोदून विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्या आमदारांनी सभागृहात हेच विचारावं: युनिट किती रुपयांना पडेल, पहिली वीज कोणत्या वर्षी येईल, आणि तोवर टेंभू-म्हैसाळचे पंप कशावर चालतील?