निर्माता हात झटकतो तेव्हा

‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी निबंध लिहिले असतील! मीही लिहिला, वक्तृत्व स्पर्धेत तावातावाने बोललोही. आता विज्ञानाच्या जागी एआय आलंय, बाकी वाद तोच. भाच्याच्या कॉलेजात यंदा हाच विषय आहे आणि घरच्या ग्रुपवर त्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, हा भस्मासुर आहे, पोरांच्या नोकऱ्या खाणार. दुसरा म्हणतो, हे शिकलो नाही तर मागे पडू. कळकळ दोन्हीकडे खरी आहे, पण सगळे त्या वस्तूकडेच बघतायत. ती बनवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नाही. भाच्याने मुद्दे मागितले तेव्हा मी त्याला सांगितलं, आधी ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा चित्रपट बघ. जेम्स व्हेलने दिग्दर्शित केलेला, १९३१ चा, कृष्णधवल, जेमतेम सत्तर मिनिटांचा.

मी राहतो ते जर्मनीच्या बव्हेरियातलं इंगोलश्टाट आज ऑडी या मोटार कंपनीमुळे ओळखलं जातं. पण हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे त्या १८१८ च्या कादंबरीत मेरी शेलीने आपल्या नायकाला शिकायला पाठवलं ते इथल्याच विद्यापीठात. ते विद्यापीठ १८०० मध्ये इथून हललं. शरीरशास्त्राची जुनी इमारत मात्र उभी आहे आणि तिच्यात वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो आणि रात्री घरी हा चित्रपट लावतो. त्यातल्या विजेच्या ठिणग्या, विजांचा कडकडाट, ‘जिवंत आहे!’ हे ओरडणं, सगळं एव्हाना इतक्यांनी उचललंय की नव्या पोरांना त्याची भीती वाटत नाही. तरीही एका प्रसंगाला खोलीत हमखास शांतता पसरते.

प्रेतांचे तुकडे जोडून जिवंत माणूस घडवायचा प्रयोग फत्ते झाल्यावर शास्त्रज्ञ छताची झडप उघडतो. अंधारात ठेवलेल्या त्या जिवावर पहिल्यांदाच वरून उजेड पडतो. तो मान वर करतो, उठून उभा राहतो आणि उजेड धरायला दोन्ही हात उंचावतो. मग झडप बंद होते. तो आपल्या निर्मात्याकडे वळून तेच हात पुढे करतो. तान्ह्या पोराचे असावेत तसे ते हात आहेत. थोड्याच वेळात नोकर मशाल घेऊन येतो, जीव घाबरून धडपडतो आणि त्याला साखळदंडांनी बांधतात. निर्मात्याला लवकरच त्याचा धसका बसतो. आपल्या गुरूच्या हाती त्याला सोपवून तो लग्नाच्या तयारीला घरी निघून जातो. माझ्या मते चित्रपटातला खरा गुन्हा इथे घडतो.

कथेत एक पळवाट ठेवलीय: नोकराने चुकून गुन्हेगाराचा मेंदू आणला, म्हणून हे सगळं झालं. पटकथेचा हा दुबळा भाग आहे आणि त्या जिवाचं काम करणाऱ्या बोरिस कार्लॉफने तो अभिनयाने खोडून काढलाय. त्याच्या डोळ्यांत जन्मजात दुष्टपणा कुठेच दिसत नाही. या कार्लॉफचं मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, पण वडील हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला होते आणि आईकडून त्याची नाळ थेट आपल्याकडे पोचते. ‘अॅना अँड द किंग’ या चित्रपटामुळे माहीत असलेली अॅना लिओनोवेन्स १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली, ती त्याच्या आजीची सख्खी बहीण. तो स्वतः विशीत कॅनडाला गेला आणि पडेल ती अंगमेहनतीची कामं करत नट झाला. परक्या मुलखात आपल्याकडे वळणाऱ्या नजरा त्याला ठाऊक असणार, असं मला त्याला पाहताना नेहमी वाटतं.

चित्रपटात तळ्याकाठी एक लहान मुलगी त्या जिवाला न घाबरता फुलं देते. दोघं ती पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो मुलीलाच उचलून टाकतो. तीही तरंगेल असं त्याला वाटतं. ही शेवटची कृती सेन्सॉरने कापली होती, १९८० च्या दशकात ती परत जोडली गेली. पुढे बाप मुलीचं प्रेत हातांवर घेऊन गावात येतो, मशाली पेटतात आणि सगळा गाव त्या जिवाच्या मागे लागतो. निर्माताही त्या जमावात सामील होतो.

हे बघताना मला राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या या गावात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. तशा अफवा तेव्हा देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येतील, अशी मर्यादा घातली. म्हणजे ती घालणं शक्य होतं, आधीही.

इथे जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. डिझेल गाड्यांचं प्रदूषण चाचणीत कमी दाखवण्याच्या, २०१५ ला उघड झालेल्या घोटाळ्यात आमच्याच गावच्या ऑडीला २०१८ मध्ये ८० कोटी युरोंचा दंड भरावा लागला. शिवाय युरोपातल्या नियमांच्या ढिगाऱ्यात नवं काही उभं करताना माणूस थकून जातो, आणि भारतातल्या पोरांचा उत्साह बघून मला त्यांचा हेवा वाटतो. पण मी मोटारीच्या धंद्यात आहे. गाडी विकली म्हणून आमची सुटका होत नाही, दोष निघाला की ती परत बोलवावी लागते. २०२४ मध्ये लागू झालेल्या युरोपच्या एआय कायद्यातही बनवणाऱ्याने काय करायचं, वापरणाऱ्याने काय, हे वेगवेगळं लिहिलंय. त्यावर इथे खडाजंगी चालते, आणि ती मला शाप-वरदानापेक्षा कितीतरी कामाची वाटते.

त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्राने पोलिसांच्या कामासाठी ‘मार्व्हल’ ही एआय कंपनी काढली. गुन्हे लवकर उकलले तर मला आनंदच आहे. पण उद्या अशा यंत्रणेने भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं, आणि तो राईनपाड्यातल्या त्या पाच जणांसारखा पोटासाठी परक्या गावात आलेला असला, तर त्याने कुणाच्या दारात जायचं? सुनावणी कोण घेणार, भरपाई कोण देणार? या प्रश्नांवर ग्रुपवर भांडण होणार असेल, तर मी रात्र जागवायला तयार आहे.