मेस्ताचा रंधा

पावसात आमच्या स्वयंपाकघराचं दार फुगतं. जुलैत ते मिटत नाही, आणि चुकून मिटलंच तर उघडायला दोघं लागतात. म्हणून मेस्ताला, म्हणजे आमच्या गोव्यातल्या सुताराला, बोलावलं. चार वेळा 'उद्या येतो' म्हणून तो पाचव्या उद्याला आला, आणि दाराकडे न बघता थेट व्हरांड्यातल्या माझ्या फळीपाशी उकिडवा बसला.

"हें कितें गो बाये?"

मी वुडकट शिकतेय, म्हणजे लाकडावर चित्र कोरून ते कागदावर छापायचं. शिवणीच्या लाकडाच्या फळीवर अंगणातलं तुळशीवृंदावन कोरायला घेतलं होतं. त्याला सांगितलं, की जे काळं उमटायला हवं ते ठेवायचं आणि बाकीचं कोरून काढायचं.

"म्हणजे रेघ हवी तर रेघ सोडून सगळं खणायचं?"

"हो."

"रेघच खणली तर पाच मिनटांत होईल." मग कोपऱ्यातल्या माझ्या नावावर बोट. "अक्षरं उलटी पडलीत."

"छापल्यावर सुलटी होतात."

"मग आधीच सुलटी काढायची!" मेस्त माझ्याकडे दयेने बघत म्हणाला. गवंड्याने भिंत बांधायची म्हणून आजूबाजूचा डोंगर पोखरावा, तसलं काहीतरी मी करतेय अशी त्याची खात्री झाली होती.

मलाही चेव चढला. म्हटलं, मेस्ता, गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा दिला होता. तो १५१५ साली आपल्या गोव्यातून जहाजात बसून लिस्बनला गेला. तिकडे जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकाराने त्याचं वुडकट केलं, ते पाचशे वर्षं झाली तरी लोक बघतात.

"त्याने गेंडा पाहिलेला?"

"नाही. कुणाचं तरी पत्र आणि एक कच्चं चित्र, तेवढ्यावरच."

"आणि तुळस तुझ्या समोर आहे," असं म्हणून तो फळीकडे बघत बसला. पुढचं बोलला नाही, तेवढीच त्याची माणुसकी.

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की त्या काळी चित्रकार नुसतं चित्र काढायचा, लाकूड बहुतेक वेळा वेगळा कारागीर कोरायचा.

"आणि नाव?"

"चित्रकाराचं."

"हांऽऽ." पाचशे वर्षांची थकलेली मजुरी मी देणं लागते, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. इथे तो बरोबर होता, पण ते मी त्याला का सांगू?

मी चहा टाकायला आत गेले. विजेचा रंधा घरघरला. वाटलं, दाराला मुहूर्त लागला. चहा घेऊन आले तर मेस्त माझी फळी हातात धरून तिच्यावर फुंकर मारत होता.

"खडबडीत झालेली. गुळगुळीत करून दिली."

वृंदावन गेलं, तुळस गेली, नाव गेलं. खोल कोरलेल्या दोन-चार खाचा तेवढ्या उरल्या होत्या. बोटं सोलवटून केलेलं काम! कोरणी लाकडाच्या रेषांना आडवी गेली की निसटते आणि थेट डाव्या हातात घुसते. त्या हातावर अजून पट्टी होती. भुसा मात्र मेस्ताने नीट झाडून एका बाजूला केला होता.

बिलात 'दार' आणि 'फळी' अशा दोन ओळी. भांडले असते, पण चतुर्थी तोंडावर, आणि या दिवसांत गोव्यात सुताराशी भांडणारी बाई पुढच्या पावसाळ्यापर्यंत दार उघडं टाकून झोपते. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "छान पोळपाट होईल." घरच्यांनी फळीवरून हात फिरवून 'काय सफाई आहे!' म्हटलं. मी कोरत होते तेव्हा या घरातल्या एकाही हाताला ती फळी सापडली नव्हती.

दार अजून घासतंय. काल फोन केला तर मेस्त म्हणाला, "येतो उद्या. आणि बाये, तसल्या आणखी फळ्या असतील तर काढून ठेव. एकदम केल्या तर दर कमी लावतो."