फासे म्हणजे जुगार? काका, एक मिनिट

परवा आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर ए विंगमधल्या काकांनी तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही फिरून गेला असेलच. 'सावधान! मुलं रविवारी जमून फाशांचा जो सरदार-सरदार खेळ खेळतात तो जुगार आहे, त्यात मंत्रतंत्र शिकवतात, देवधर्म सुटतो, अमेरिकेत पोरं वेडी झाली.' खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग. हा खेळ म्हणजे रोल-प्लेइंग गेम: प्रत्येकजण गोष्टीतलं एक पात्र होतो, बोलून गोष्ट पुढे नेतो आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. आता आमच्या बिल्डिंगमध्ये हे जिथे चालतं ते तळमजल्यावरचं घर माझंच, म्हणून बोलणं भाग आहे.

जुगार म्हणताय, तर पैसे कुठायत? टेबलावर पेन्सिली, खोडरबर, कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राच्या गुणांचा कागद) आणि चिवड्याचा डबा. आपल्या मुंबईचाच 1887 चा जुगारबंदीचा कायदा आहे, त्यातसुद्धा जुगार म्हणजे पैज लावणं, नुसता फासा टाकणं नाही. नाहीतर ल्यूडो खेळणाऱ्या सगळ्या आज्या आत असत्या.

मंत्रतंत्र वाचलं तेव्हाच कळलं की लिहिणाऱ्याने खेळ बघितलेलाच नाही. आम्ही खेळतो तो पेंड्रॅगन, ग्रेग स्टॅफर्डने बनवलेला, 1985 चा, ब्रिटनच्या दंतकथांमधल्या किंग आर्थरच्या दरबारातला. त्यात तुम्ही नाइट, म्हणजे राजाचे सरदार असता, जादूगार नाही (1993 च्या आवृत्तीत ती सोय दिली होती, पण आमच्याकडे ती कुणी वापरत नाही). जादू आहे, भरपूर आहे, पण ती जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या हातात, आपण फक्त तिच्यात अडकायचं आणि मग कसंबसं सुटायचं.

आता देवधर्म. हा मुद्दा मला खरंच लागला कारण इतका धर्माचा विचार मी दुसऱ्या कुठल्या खेळात केलेला नाही. शीटवर स्वभावाच्या 13 जोड्या असतात, दयाळू-क्रूर, नम्र-गर्विष्ठ, खरा-खोटा अशा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज 20, म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी होणारच. गंमत म्हणजे ख्रिश्चन नाइटला नम्रपणा हा सद्गुण आणि जुन्या देवांना मानणाऱ्या नाइटला गर्व हा सद्गुण, एकाच जोडीची दोन टोकं. दोघं एकाच टेबलावर बसून एकाच राजासाठी लढतात, आणि धर्मावरून वाद झाला तर तोही खेळातच होतो.

आणि हे आकडे शोभेचे नाहीत. जुलैमध्ये बाहेर धो धो पाऊस, आमचा एक गडी ट्रेनमध्ये अडकलेला, आणि इकडे माझ्या नाइटपुढे एक शरण आलेला पोरगा गुडघ्यावर. मी म्हटलं सोडून देते. जीएम म्हणाला दयेचा रोल दे, म्हणजे फासा टाक, आकडा आपल्या गुणाइतका किंवा कमी आला तरच तो गुण जिंकतो. माझी दया होती 7, वीस बाजूंच्या फाशावर पडले 15. मग क्रूरतेचा रोल, ती 13, पडले 4. झालं, माझ्या नाइटने त्याला मारलं, मी तोंडात चिवडा तसाच धरून बसले. वर ऑनर, म्हणजे नाइटच्या इभ्रतीचा आकडा, गेला तो वेगळाच. आधीच्या सेशन्समध्ये मी मजेमजेत केलेल्या कापाकापीचीच ही किंमत होती, क्रूरता 13 वर अशीच नाही पोचली. काका, मोक्षपट आठवतो ना, ज्याला परंपरेने ज्ञानेश्वरांचं नाव जोडतात? सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, आणि दानही टाकायचंच! तो धार्मिक आणि हा धर्मबुडवा, हे कसं काय?

अमेरिकेतली पोरं. ते प्रकरण 1979 चं, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला 16 वर्षांचा मुलगा गायब झाला, डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच रोल-प्लेइंग खेळ खेळताना युनिव्हर्सिटीखालच्या बोगद्यात हरवला अशी बातमी पेपरांनी चालवली. तो महिन्याभराने सापडला, आणि ज्या डिटेक्टिव्हने शोधलं त्यानेच पुढे सांगितलं की खेळाचा संबंध नव्हता, पोरगा आतून फार खचलेला होता. पण अफवेला काय, ती चाळीसेक वर्षांनी मराठीत येऊन पार्ल्यात पोचली.

कुणीतरी खाली हेही विचारलंय की गोऱ्यांचे सरदार कशाला, मावळे का नाही. प्रश्न चांगला आहे, खरं सांगते. नियम तसेच ठेवून नावं बदलता येतात, आम्ही एक सेशन केलं होतं, पण मग महाराजांचं कॅरेक्टर कोण चालवणार यावर सगळ्यांची बोबडी वळली आणि परत आर्थरकडे आलो.

एक तक्रार मात्र काकांनी फॉरवर्डमध्ये लिहिली नाही आणि तीच खरी आहे. मागच्या दोन रविवारी रात्री साडेबारापर्यंत आमचा आरडाओरडा चालू होता. काकू दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी बोलल्या मला. सॉरी. आता अकराला फासे डब्यात.