पाणी शिंपडलं की झाला ख्रिस्ती?

‘डोक्यावर पाणी शिंपडायचं, काहीतरी पुटपुटायचं, दोन मिनिटांत माणूस ख्रिस्ती. त्याला कळतही नाही, आणि मागोमाग घरचेही आपोआप जातात.’ हा मजकूर सतत फिरत असतो. कॅथलिक चर्चच्या नियमांपुढे त्यातलं काहीच टिकत नाही.

‘कळतही नाही.’ मोठ्या माणसाची स्वतःची इच्छा नसेल तर कितीही पाणी ओता, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, होतच नाही. चर्चच्या कायद्याचं ८६५वं कलम आणखी मागतं: इच्छा उघड सांगितलेली हवी, श्रद्धेची पुरेशी शिकवण झालेली हवी आणि ख्रिस्ती आचरणात माणूस पारखलेला हवा. मरणाच्या दारातही इच्छेची अट सुटत नाही. तान्ह्या बाळासाठी एरवी आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलतात. गोव्यात पोर्तुगीज अमलात अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेण्याचं फर्मान १५५९ मध्ये निघालं, हे खरं आहे. तो अन्यायच होता. श्रद्धा कुणावर लादू नये, या चर्चच्या स्वतःच्या कसोटीवरही तो अन्यायच ठरतो.

‘दोन मिनिटांत.’ पाणी ओतायला तेवढाही वेळ लागत नाही; तयारीला मात्र महिने जातात, पुष्कळदा वर्ष उलटतं. आधी चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार. मग विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं ठरलेलं कथन), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि सात संस्कार यांची शिकवण. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी निवडविधी होतो, म्हणजे त्या ईस्टरला बाप्तिस्मा कोणाला द्यायचा ते जाहीर होतं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि पहिलं कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद). काम बिघडतं ते बहुधा ईस्टर गाठायच्या घाईत: तयारी अर्धवट राहते आणि माणूस वर्षभरात चर्चमध्ये दिसेनासा होतो. म्हणून ईस्टरनंतरच्या पेन्टेकॉस्ट सणापर्यंत शिकवण चालू ठेवायची असते, आणि नेमकी तीच गाळली जाते.

‘काहीतरी पुटपुटायचं.’ शब्द ठरलेले आहेत: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ प्रत्येक नावाला एकदा, असं तीनदा पाणी ओततात किंवा पाण्यात बुडवतात. पाणी वाहायला हवं. ओला अंगठा टेकवून भागत नाही. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलं तर बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २०२० मध्ये दिला. अमेरिकेत फीनिक्सला एका फादरने वर्षानुवर्षं ‘आम्ही’ म्हटल्याचं पुढे उघड झालं आणि हजारो लोकांचे बाप्तिस्मे प्रश्नात आले.

‘घरचे आपोआप.’ प्रॉटेस्टंट घरातलं उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या. काही वर्षांनी त्यांनी घेतला तो स्वतःच्या मनाने.

चर्चला फक्त आकडे हवेत, असंही त्याच मजकुरात असतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायात ‘बाप्तिस्मा द्या’ या आज्ञेला लागूनच ‘शिकवा’ ही आज्ञा आहे. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणाच्या दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या रचल्या, १६१६ मध्ये त्या छापल्या गेल्या, आणि त्या प्रामुख्याने होत्या बाप्तिस्मा होऊन गेलेल्यांसाठी.