पास झाल्या बाई, तरी 'अपूर्ण'च!

ज्या शहाण्याने आमच्या प्रशिक्षणाचं पोर्टल सेट केलंय, त्याला जुलैच्या पावसात देवगडच्या सड्यावर छत्री धरून उभा करा आणि म्हणावं, आता इथे रेंज पकडून तुझाच कोर्स पुरा करून दाखव.

आमच्या शाळेतल्या बाई खरंच तशा सड्यावर जातात, कारण खाली वाडीत एक काडीही येत नाही. व्हिडिओ पाहिले, चाचणी दिली, पास झाल्या. पोर्टल म्हणतं, अपूर्ण. संगणकातलं थोडं कळतं म्हणून फोन मला. तालुक्यातले सगळेच मला.

आत शिरून बघितलं तर डोकंच फिरलं. कोर्स स्कॉर्म 1.2 मध्ये बांधलेला. स्कॉर्म म्हणजे कोर्सने पोर्टलला शिकणाऱ्याची प्रगती कशी कळवायची, याचं ठरलेलं मानक. ही आवृत्ती 2001 सालची! त्यात शिकणाऱ्याची स्थिती कळवायला रकाना एकच. 'पास' लिहिलं की 'पूर्ण' लिहायला जागा नाही. कोर्स बनवणाऱ्याने ट्रॅकिंग, म्हणजे प्रगतीची नोंद, चाचणीवर लावलं, म्हणून पॅकेज (पोर्टलवर चढवलेली कोर्सची फाइल) 'पास' पाठवतं. पोर्टलवर मात्र 'कोर्स कधी पुरा धरायचा' या सेटिंगमध्ये टिक फक्त 'पूर्ण'वर. बसा आता वाट बघत! शेजारच्या 'पास'वरही टिक केली असती तर काम झालं असतं. स्कॉर्म 2004 मध्ये 'पूर्ण झालं का' आणि 'पास झाला का' असे दोन वेगळे रकाने आहेत. पण नवं पॅकेज काढायचं कोणी? वरून आलंय ना, मग हात लावायचा नाही.

दुसऱ्या कोर्सची तर आणखी मजा. तिथे ट्रॅकिंग स्लाइडवर, आणि अट काय तर सगळ्याच्या सगळ्या स्लाइड बघितलेल्या हव्यात. त्यात 'शाब्बास' ही एक स्लाइड आणि 'पुन्हा प्रयत्न करा' ही दुसरी. जो पहिल्या फटक्यात पास होतो, त्याला दुसरी दिसणारच नाही. म्हणजे सर्टिफिकेट हवं असेल तर आधी नापास व्हा! आणि तिसऱ्या कोर्सला 'उघडला की पूर्ण'. आमचे एक सर तो उघडून चहाला गेले, आले तर हिरवी टिक. जिल्ह्याच्या अहवालात तेच आघाडीवर.

शिवाय 1.2 मध्ये 'कुठपर्यंत आलो' ही खूण साठवायची किमान हमी 4096 अक्षरांची. लांबलचक कोर्स त्याबाहेर गेला की खूण नीट बसत नाही आणि माणूस पुन्हा पहिल्या स्लाइडवर. लाइट गेली, वायफाय गेलं, करा परत. मोबाइलवर टॅब नुसता सरकवून बंद केला तर शेवटचा निरोप पोर्टलला पोचेलच याची खात्री नाही. हे कोर्सच्या सुरुवातीला एका ओळीत लिहायला काय जातं?

मदतकक्षाचं उत्तर ठरलेलं: 'कॅशे क्लिअर करा.' अरे मेल्यांनो, चुकीची टिक तुमच्या सर्व्हरवर आणि कॅशे आमचा काय म्हणून साफ करायचा?

कोर्स सगळ्यांसाठी खुला करण्याआधी पोर्टलवर एक खोटा विद्यार्थी बनवा. साध्या मोबाइलवरून एकदा पास होऊन बघा, एकदा नापास होऊन बघा, मध्येच बंद करून परत उघडा. एका दुपारचं काम आहे. तेवढंही जमत नसेल तर निदान 'प्रशिक्षण अपूर्ण का, तीन दिवसांत लेखी खुलासा करा' अशी पत्रं बाईंना पाठवू नका. खुलासा तुम्ही करा.